वाटी भरलेली राहिली : बिराजदार अक्कांच्या पंचाहत्तरीनिमित्त

श्रीमती महानंदा बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. गौरवग्रंथातील लेखाची सुरुवात अशा वाक्याने करू नये, असे संपादक मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी मला सुचवले. परंतु जे घडले ते घडले त्याच क्रमाने मांडावे, अशी सवय मला नोकरीने लावली आहे. शिवाय त्या भांडणात चुकीची बाजू माझी होती, हे नोंदवण्यास याहून योग्य जागा मला मिळणार नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या धर्मादाय प्रसूतिगृहात मी भांडारपाल म्हणून रुजू झालो. बाळाचे वजन आणि लसी यांची नोंद ठेवण्याच्या पुस्तिका संपल्या होत्या व छापखान्याकडून नव्या येण्यास विलंब होता. त्याच वेळी बाळाच्या दुधाची पावडर तयार करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधींनी गुळगुळीत कागदावर छापलेल्या पुस्तिकांचे खोके विनामूल्य देऊ केले. मी ते तत्परतेने ठेवून घेतले. नोकरीच्या चौथ्याच दिवशी आपण संस्थेच्या उपयोगी पडलो, याचे मला समाधान वाटत होते. दुपारी प्रसूती विभागाच्या प्रमुख परिचारिका बिराजदार सिस्टर ते खोके स्वतः उचलून घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या.

"हे तुमी घेतलं?"

"हो. कागद पाहा सिस्टर, आपल्या जुन्या पुस्तिकांपेक्षा कितीतरी चांगला आहे."

"कागद चांगलाच हाय. वर काय छापलंय?"

"बाळ आहे."

"आन् बाळाच्या खाली?"

बाळाच्या खाली पावडरीचा डबा होता.

"बाई ही वही पाच वर्षं जपून ठिवणार. ट्रंकेत, लग्नाच्या फोटोशेजारी. दर लशीला बाहेर काढणार. एखाद्या दिवशी पोर रडायला लागलं, दूध कमी पडलंय असं वाटलं, तर तिला पयलं काय आठवंल? तुमीच सांगा. बीकॉम हाय म्हणं तुमी."

तेव्हापासून आजतागायत त्या मला 'बीकॉम' म्हणूनच हाक मारतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विभागातील सर्व परिचारिका गोल करून बसल्या होत्या आणि जून महिन्यात शाळेच्या पुस्तकांना घालतात तशी खाकी कव्हरे त्या पुस्तिकांना घालत होत्या. रुग्णालयाच्या साहित्यात विनापरवानगी फेरफार केल्याबद्दल मी सिस्टरांना लेखी विचारणा केली. माझा कागद सायंकाळी परत आला. त्यावर सुवाच्य अक्षरात एवढेच लिहिले होते : "पत्र मिळाले. कव्हरे घालणे चालू आहे."

अक्का मूळच्या वळसंगच्या. घरात कानडी, दारात मराठी, अशा वातावरणात त्या वाढल्या. वडिलांची शेती होती, गोठ्यात म्हशी होत्या. परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या सोलापुरात आल्या आणि निवृत्तीपर्यंतची सारी सेवा त्यांनी एकाच विभागात केली. बाळंतिणी त्यांना अक्का म्हणत, म्हणून परिचारिका म्हणू लागल्या आणि पुढे विश्वस्तही. त्यांच्या कामाची एक पद्धत मी जवळून पाहिली आहे. कोणत्याही आईशी त्या उभ्याने बोलत नसत. विभागात त्यांचे एक बुटके स्टूल होते. ते खाटेजवळ ओढून, आपली नजर आईच्या नजरेपेक्षा थोडी खाली येईल अशा बेताने त्या बसत. मी एकदा कारण विचारले. "उभं ऱ्हाऊन सांगितलं की हुकूम होतो," त्या म्हणाल्या, "आन् हुकमानं पान्हा फुटत न्हाई."

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाच्या आत ते आईच्या छातीशी गेले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. त्याच्या आड सर्वांत जास्त येई ती पहिले दूध पिळून टाकण्याची जुनी चाल. करकंबच्या एका आजीबाई सुनेच्या बाळंतपणासाठी आल्या होत्या आणि गुळाचे पाणी घेऊन बसल्या होत्या. पहिले पिवळे दूध बाळाला बाधते, ते तीन दिवस द्यायचे नाही, यावर त्या ठाम होत्या. मी औषधांचा साठा देण्यासाठी विभागात गेलो असताना झालेला संवाद मला अद्याप स्मरतो.

"आजी, म्हस हाय का घरी?" अक्कांनी विचारले.

"दोन हायेत की."

"व्याली की पयल्या दिवसाच्या चिकाचं काय करता?"

"काय करता म्हंजी? खरवस! आमच्याकडं गल्लीभर वाटत्यात."

"वतून देत न्हाई?"

"अगं बया, चीक कोन वतून देतंय का? तोंडाला चव हाय का न्हाई तुझ्या?"

"मग सुनेचा का वतून देता? सून म्हशीपरास वाईट हाय व्हय?"

आजीबाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "लई वंगाळ बाई हाय ही," असे म्हणत त्यांनी गुळाच्या पाण्याचा पेला स्वतःच पिऊन टाकला.

चालीरीती बदलणे अक्कांना असे जमत असे. कंपन्यांशी पडणारी गाठ निराळी होती, कारण तेथे समोरचा मनुष्य कधीच विरोध करत नसे. ते प्रतिनिधी अत्यंत सुशील होते. "सिस्टर, आम्ही तर स्वतःच सांगतो, आईचं दूध सर्वोत्तम. डब्यावर छापलंय की!" असे ते म्हणाले, तेव्हा अक्का उत्तरल्या, "छापलंय खरं. पण आईच्या दुधाचा कुणी एजंट येत न्हाई ना वॉर्डात, म्हणून मी हितं हाय." प्रतिनिधी मनापासून हसले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आले. विभागातून दाद मिळत नाही असे दिसताच ते भांडाराकडे वळले, म्हणजे माझ्याकडे.

प्रसूतिकक्षातील घड्याळ बंद पडले होते. त्यांनी नवे दिले, मी लावून घेतले. तबकडीच्या मधोमध पावडरीचे नाव होते. आपल्याकडे पत्रिकेसाठी जन्मवेळ मिनिटासह लागते. त्यामुळे बाळ जन्मले की कक्षातील प्रत्येक जण प्रथम घड्याळाकडे पाहतो. अक्कांनी त्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावली. मी ती काढली. त्यांनी पुन्हा लावली. हा प्रकार किती दिवस चालला ते सांगण्यास मला आज संकोच वाटतो.

पुतणीच्या लग्नासाठी अक्का आठवडाभर वळसंगला गेल्या आणि त्याच आठवड्यात प्रतिनिधींनी कापडी पिशव्या आणून दिल्या. प्रत्येक पिशवीत टोपडे, लहान टॉवेल, साबणाची वडी आणि पावडरीचा एक छोटा डबा. घरी जाणाऱ्या प्रत्येक आईला मी स्वतःच्या हाताने पिशवी दिली. गरीब घरच्या स्त्रिया त्या नव्या टोपड्याकडे ज्या आनंदाने पाहत, तो मला आजही आठवतो. त्या आनंदामुळेच मला आपण काय करत आहोत ते दिसले नाही.

परत आल्यावर अक्कांनी उरलेल्या पिशव्या कपाटात बंद केल्या, माझ्याकडून त्या आठवड्यातील मातांची यादी मागून घेतली आणि कामाचे तास संपल्यावर रोज दोन-तीन घरे गाठून त्यांना समजावून आल्या. यादीतील एकच आई त्यांना भेटली नाही. लक्ष्मी तिचे नाव. विडी कामगारांच्या वस्तीतील तेलुगू घरातली ही मुलगी बाळाला घेऊन परगावी माहेरी गेली होती.

दोन महिन्यांनी ती आमच्या दारात आली, ती सासूसह. पदराखाली तान्ही मुलगी होती. बाळाला चार दिवसांपासून जुलाब होत होते, डोळे खोल गेले होते आणि रडण्याचा आवाज उरला नव्हता. लक्ष्मीच्या खांद्याला लटकलेली पिशवी मी ओळखली.

डॉक्टरांनी तत्काळ उपचार सुरू केले. हकीकत हळूहळू समजली. छोटा डबा संपल्यावर घरच्यांनी मोठा आणला. तो परवडेना, म्हणून चार चमच्यांच्या जागी एक चमचा पावडर घालून बाटली भरू लागले. पाणी गाळलेले, उकळलेले नव्हे. बाटलीने बाळ शांत होते म्हणून लक्ष्मी विड्या वळायला बसू लागली. बाळ अंगावर कमी ओढू लागले, तसे दूध कमी झाले आणि शेवटी आटले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की मुलगी या खेपेस वाचली आहे. परंतु घरी जाऊन पुन्हा तीच बाटली तोंडाला लागली, तर पुढच्या खेपेची खात्री देता येणार नाही. आईचे दूध परत आले पाहिजे. ते येईल का, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते.

अक्कांनी स्टूल ओढले. लक्ष्मी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"दूधच न्हाई सिस्टर. एक थेंब न्हाई. काय पाजू मी?"

"न्हाई कसं? झोपलंय ते. आपण उठवू."

सासूबाई मध्येच म्हणाल्या, "दोन महिने झाले की हो. आटलेली हीर कधी भरत्ये का?"

"अत्तम्मा, विहिरीला पाऊस लागतो. हिला तुमच्या हातचं गरम जेवण लागतंय. जावा, भात-सांबार घेऊन या," अक्का म्हणाल्या. सासूबाई पुटपुटत उठल्या, पण जेवण घेऊन आल्या.

पद्धत अशी होती. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात तयार केलेले दूध एका वाटीत घ्यायचे. त्यात बुडवलेल्या बारीक नळीचे दुसरे टोक आईच्या स्तनाग्राजवळ चिकटवायचे. बाळ अंगावर ओढते आणि वाटीतले दूध त्याच्या तोंडात येते. आपल्याला आईकडून मिळते आहे असे समजून ते ओढत राहते, आणि त्या ओढण्याने खरे दूध जागे होते. दर दोन तासांनी हे करायचे. किती दिवस, याला उत्तर नाही. दूध जसे येऊ लागेल, तसे वाटीत अधिकाधिक उरू लागेल, एवढीच खूण.

त्या सायंकाळी मी अक्कांकडे गेलो आणि म्हणालो, की ती पिशवी मी दिली होती. मी बोलणी खाण्याच्या तयारीने गेलो होतो. अक्कांनी माझ्याकडे पाहिले आणि एक कोरा तक्ता पुढे केला.

"रजेवर जाताना बजावून जायला पायजे होतं मी. न्हाई बजावलं. चूक दोघांची. आता रडत बसू नका, बीकॉम. वाटीत दर येळी किती उरलं ते लिवायचंय. माझ्या पोरींना वेळ न्हाई. तुमचा हात आकड्याला बसलेला हाय."

दिवसभर दर दोन तासांनी मी भांडार बंद करून विभागात जात असे. पडद्याबाहेर उभा राहत असे. आतून वाटी माझ्या हाती येई, मी माप घेऊन आकडा लिहीत असे. चार दिवस वाटी पूर्ण रिकामी येत होती. पाचव्या दिवशी तळाशी दोन चमचे उरले. सहाव्या दिवशी पुन्हा रिकामी. सासूबाई म्हणाल्या, "सांगितलं होतं ना." लक्ष्मी त्या दिवशी जेवली नाही. अक्कांनी तिची वेणी घातली, कानडी-तेलुगू-मराठी अशा मिश्र भाषेत कसल्याशा गप्पा मारल्या आणि पुढच्या वेळेला पुन्हा नळी चिकटवली. आठव्या दिवशी पाव वाटी उरली. दहाव्या दिवशी अर्धी. मी आयुष्यात अनेक तक्ते भरले. लिहिलेला आकडा पुन्हा पुन्हा वाचून पाहिला तो तेवढ्या एकाच तक्त्यावर.

तेराव्या दिवशी सकाळी पडद्याआडून वाटी आली ती काठोकाठ भरलेली. मला वाटले, बाळ प्यायलेच नाही. मी घाबरून विचारले, "अक्का, काय झालं? बाळ ओढत नाही का?"

आतून अक्का हसल्या. "पोट भरून झोपलीय. नळी काढूनच पाजलं आज. लिवा, बीकॉम. वाटी भरलेली ऱ्हायली म्हणून लिवा."

मी तसेच लिहिले. तो तक्ता आजही माझ्या कपाटात आहे.

त्यानंतर अक्कांनी मला दोन-चार पानी कागद वाचायला दिला. बाळाच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात, नमुने आणि भेटवस्तू यांवर बंदी घालणारा आपल्या देशाचा कायदा तो. "वाचणारं माणूस हाय तुमी. वाचा," एवढेच त्या म्हणाल्या. मी ओळ न् ओळ वाचली. पुस्तिका, घड्याळ, पिशव्या : मी अभिमानाने केलेले प्रत्येक काम त्यात निषिद्ध म्हणून नोंदलेले होते. त्याच आठवड्यात घड्याळ उतरले. अशी कोणतीही वस्तू स्वीकारू नये, असा ठराव विश्वस्तांनी केला. त्याचा मसुदा माझा होता. परंतु तो लिहिण्याची पात्रता मला ज्यांनी दिली, त्यांचे नाव त्यावर नाही. ती उणीव या लेखाने भरून निघावी.

यावरून अक्का डब्याच्या शत्रू होत्या असा समज कोणी करून घेऊ नये. लक्ष्मीच्या वाटीत डब्यातीलच दूध होते. एका मातेला तीव्र औषधे चालू असल्याने डॉक्टरांनी अंगावर पाजण्यास मनाई केली होती. एक नवी परिचारिका तिला टोचून बोलली. अक्कांनी त्या परिचारिकेला सर्वांदेखत झापले. आणि मग तासभर बसून त्या मातेला पाणी कसे उकळायचे, चमचा सपाट कसा भरायचा, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने कसे पाजायचे, हे शिकवले. "डबा पाप न्हाई," त्यांनी आम्हाला बजावले, "औषध हाय. डॉक्टर लिवून देतील तिला मिळंल. पण औषधाची जत्रा वॉर्डात भरवायची न्हाई." त्यांचा स्वभाव तापट आहे, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. एका तरुण डॉक्टरांच्या खिशातील पेनावर पावडरीचे नाव दिसताच त्यांनी ते पेन काढून घेऊन स्वतःचे दिले होते. डॉक्टर आजही ती गोष्ट सांगतात, आता हसून.

निवृत्तीनंतरही अक्का रोज सकाळी विभागात येतात. आज तेथे स्तनपान मार्गदर्शनाचा स्वतंत्र कक्ष आहे. कंपन्या आता पिशव्या घेऊन येत नाहीत. मातांच्या मोबाइलवर येतात, बाळाच्या झोपेविषयीच्या सल्ल्यांच्या रूपाने. अक्कांनी मोबाइल शिकून घेतला, तो मुख्यतः असे संदेश वाचून मातांसोबत त्यांची चिरफाड करण्यासाठी. "हे कोण सांगतंय, बघ. खाली बोट सरकव. खाली डबा दिसतोय का?" असा धडा तेथे रोज चालतो. प्रस्तुत ग्रंथाच्या मागील मुखपृष्ठासाठी शिशुआहाराच्या एका विक्रेत्यांनी जाहिरात देऊ केली होती. संपादक मंडळाने ती साभार नाकारली. मागील पृष्ठ कोरे दिसल्यास वाचकांनी तो मुद्रणदोष समजू नये.

गेल्या वर्षी अक्कांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्या दोन महिने घरी होत्या. विभागाचे कसे होणार, ही चिंता आम्हा सर्वांना होती. त्या काळात कक्ष सांभाळला तो लक्ष्मीने. तिची मुलगी सहा महिन्यांची झाल्यापासून लक्ष्मी विभागात येऊ लागली. प्रथम तेलुगू मातांचे बोलणे परिचारिकांना समजावून सांगण्यासाठी आणि पुढे अक्कांच्या हाताखाली स्वतः शिकून. अक्का घरी असताना तिने तीन मातांचे आटलेले दूध परत आणले. काठी टेकत अक्का परत आल्या, त्या दिवशी लक्ष्मी एका खाटेजवळ बसून सांगत होती, "मला पण असंच वाटायचं की, एक थेंब न्हाई म्हणून." अक्का दारातच थांबल्या. मी त्यांना आत चला म्हणालो.

"थांबा की बीकॉम. मी गेले की ती उठंल. बोलू द्या तिला."

आम्ही दोघे बराच वेळ दारात उभे होतो. मग त्या म्हणाल्या, "मी नसताना चालतंय हे. लई बरं वाटलं बघा. आता असंच दारात उभं ऱ्हाऊन बघायला अजून धा-पंधरा वर्षं पायजेत मला."

अक्कांनी स्वतःसाठी काही मागितल्याचे मी सत्तावीस वर्षांत ऐकलेले हे एकमेव वाक्य आहे. त्यांनी मागितलेली वर्षे त्यांना लाभोत. मी तर म्हणतो, त्याहून अधिक लाभोत. गुडघे बळकट राहोत, दृष्टी तीक्ष्ण राहो आणि राग आहे तसाच राहो. दारातली ती जागा आम्ही त्यांच्यासाठी मोकळी ठेवू. तेथे एक खुर्ची ठेवण्याची परवानगी मात्र त्यांनी आम्हाला द्यावी, ही सर्वांच्या वतीने नम्र विनंती.